पिग्मीचं रजिस्टर आणि भरलेली डिस्क

मार्चअखेर जवळ आली की माझ्या फोनवर एकाच नमुन्याचे मेसेज सुरू होतात. "मॅडम, काउंटरवर एंट्री होईना." "मॅडम, पासबुक प्रिंट अडकलंय." आणि खानापूरकडच्या एका सेक्रेटरींचं ठरलेलं वाक्य, "अक्का, सर्व्हर काय करूलालाय काय की!" सर्व्हर काय करूलालाय ते मला बहुतेक वेळा न बघताच माहीत असतं. कुणीतरी वर्षभराचं पिग्मीचं रजिस्टर काढायला घातलेलं असतं.

मी बेळगावात शहापूरला राहते, टिळकवाडीतल्या एका छोट्या ऑफिसात बसते आणि बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातल्या पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळते. काही सहकार कायद्याखालच्या जुन्या सोसायट्या, काही कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखालच्या. जवळजवळ सगळीकडे पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर आहे. सर्व्हर साधे, १६ जीबी रॅमचे. डिस्क संस्थेच्या संचालक मंडळाने मंजूर केली तेवढी, म्हणजे नेहमी थोडी कमीच.

पिग्मी ही भानगड आमच्याकडे कुणाला समजवावी लागत नाही, पण लांबच्या वाचकांसाठी सांगते. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने रोज थोडे थोडे पैसे जमा करायची ही योजना काढली आणि मग ती सगळ्या पतसंस्थांनी उचलली. एजंट रोज दुकानोदुकानी फिरतो. गणपत गल्लीतला बांगडीवाला पन्नास रुपये देतो, खडे बाजारातला कापडवाला दोनशे. लोकांसाठी ही बचत, डेटाबेससाठी मात्र प्रत्येक खात्याची दररोज एक नवी ओळ. ८,००० पिग्मी खाती असलेल्या मध्यम संस्थेत वर्षाला २४ लाख ओळी सहज होतात. कर्जाचं टेबल त्यापुढे किरकोळ.

आता हे रजिस्टर सेक्रेटरींना हवं असतं सभासदांच्या नावाच्या क्रमाने, आणि नावाखाली तारखेच्या क्रमाने. म्हणजे २४ लाख ओळी क्रमाला लावायच्या. पोस्टग्रेसला क्रम लावण्यासाठी जी रॅम वापरायची मुभा असते ती वर्क_मेम या सेटिंगने ठरते, आणि तुम्ही काही बदललं नसेल तर ती असते ४ एमबी. त्यात मावलं तर सगळं रॅममध्ये उरकतं. नाही मावलं तर मावेल तेवढा तुकडा क्रमाला लावून डिस्कवर टेम्पररी फाइलमध्ये लिहायचा, मग पुढचा तुकडा, आणि शेवटी सगळे तुकडे परत वाचून एकमेकांत मिसळायचे. तुकडे फार झाले तर एका फेरीत मिसळून होत नाहीत. मधल्या फेरीचा निकाल पुन्हा लिहायचा, पुन्हा वाचायचा.

क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी एक्स्प्लेन ॲनलाइज लावलं की ती कशी चालली याचा प्लॅन मिळतो आणि हे सगळं त्यात एका ओळीत दिसतं. रॅममध्ये झालं असेल तर तिथे क्विकसॉर्ट आणि मेमरीचा आकडा असतो. आमच्या त्या रजिस्टरला होतं "एक्स्टर्नल मर्ज, डिस्क" आणि पुढे १४ लाख केबीच्या वरचा आकडा. जवळजवळ दीड जीबी, एका रिपोर्टला.

दीड जीबीने काय होतंय, असं वाटेल. पण रिपोर्ट लवकर येत नाही म्हणून माणूस परत बटण दाबतो. ब्राउझर बंद करून उघडतो आणि पुन्हा दाबतो. इकडे पहिली क्वेरी अजून चालूच असते, कारण क्रम लावण्याच्या टप्प्यात पोस्टग्रेस समोरच्याला काहीच पाठवत नाही, त्यामुळे पलीकडचा निघून गेलाय हे त्याला कळतच नाही. (आवृत्ती १४ पासून अधूनमधून चौकशी करायचं एक सेटिंग आलंय, क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हल, पण ते मुळात बंद असतं, चालू करावं लागतं.) तेवढ्यात ऑडिटर येऊन पाच वर्षांचं रजिस्टर मागतो. ते सात जीबीच्या घरात. डिस्कवर बारा जीबी मोकळी होती म्हणता म्हणता शून्य.

इथे खरी गोम आहे. टेम्प फाइल लिहायला जागा मिळाली नाही तर फक्त ती क्वेरी एरर देऊन मरते, बाकी काही बिघडत नाही. पण त्याच डिस्कवर पीजी_वॉल, म्हणजे प्रत्येक व्यवहाराची आधी नोंद होते ती जागा असेल, आणि तिलाच जागा उरली नसेल, तर अख्खा पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंद पडतो. रजिस्टर मागितलं हेड ऑफिसने आणि भरणा थांबला खानापूरच्या काउंटरवर, तो असा.

आमच्या ऑफिसात नवीन लागलेला मुलगा आहे, हुशार आहे, हात मात्र फार चालतो. त्याने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा डेटा डिरेक्टरीतल्या बेस फोल्डरमध्ये जाऊन पीजीएसक्यूएल_टीएमपी शोधून काढलं. आत एकेक जीबीच्या फायलींची रांग. मोठी टेम्प फाइल पोस्टग्रेस एक जीबीच्या तुकड्यांत करतो, म्हणून रांग दिसते.

"अक्का, ह्या टेम्पररीच आहेत न्हवं? काढून टाकतो."

"हात लावू नकोस. नावातला आकडा बघ."

फाइलच्या नावात टीएमपीनंतर जो आकडा असतो तो ती फाइल करणाऱ्या प्रोसेसचा नंबर. तो घ्यायचा, चालू कामांची यादी देणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत शोधायचा, की कोण, कुठल्या लॉगिनने, काय चालवतोय ते समोर येतं. मग ती क्वेरी रीतसर रद्द करायची, फायली आपोआप जातात. नुसती फाइल उडवली तर लिनक्सवर नाव जातं, पण प्रोसेसने ती उघडी धरलेली असते तोवर जागा परत मिळत नाही. वर डिस्कची जागा मोजणाऱ्या कमांडपैकी डीएफ वेगळं सांगते, डीयू वेगळं, आणि माणूस आणखी गोंधळतो. क्वेरीला मध्येच ती फाइल पुन्हा उघडावीशी वाटली तर ती एरर देते ते वेगळंच. आवृत्ती १२ पासून पीजी_एलएस_टीएमपीडिर नावाचं फंक्शन आहे, फोल्डरमध्ये न शिरताही ही यादी मिळते. त्याला आता मी तेवढंच शिकवलंय.

यावर बहुतेक लोक पहिला उपाय सांगतात तो म्हणजे वर्क_मेम वाढवा. मला तो आवडत नाही, निदान पहिला म्हणून नाही. वर्क_मेम हा क्वेरीमागचा आकडा नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टमागचा (क्रम लावणं), हॅशमागचा (जोडायला किंवा गट पाडायला रॅममध्ये केलेलं तात्पुरतं टेबल) आहे. पॅरलल वर्कर, म्हणजे एकाच क्वेरीला मदत करणाऱ्या जादा प्रोसेस, लागले तर प्रत्येक वर्करला वेगळा. आवृत्ती १५ पासून हॅशला तर मुळातच दुप्पट मुभा मिळते. ६० कनेक्शन, प्रत्येकाच्या क्वेरीत तीन असे टप्पे, आणि तुम्ही २५६ एमबी दिलेत, तर कागदावर ४५ जीबी होतात. सर्व्हरमध्ये १६. रोज तेवढं होणार नाही हे खरं, पण मार्चअखेर हा रोजचा दिवस नसतोच. त्या दिवशी रॅम संपली की लिनक्स एखादी प्रोसेस मारतो, आणि पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मेली की बाकीची सगळी कनेक्शन तोडून तो नव्याने उभा राहतो. डिस्क भरण्यापेक्षा हे वाईट. आवृत्ती १३ पर्यंत अशा क्रॅशनंतर टेम्प फायली तपासासाठी म्हणून तशाच ठेवल्या जायच्या, सर्व्हर पूर्ण रीस्टार्ट करेपर्यंत. १४ पासून त्या आपोआप साफ होतात. जुन्या आवृत्तीवर "कुणी काही चालवत नाही, तरी जागा गेलीय" असं दिसलं तर आधी हे तपासावं.

म्हणून मी आधी विचारते ते हे, की क्रमाला लावताना बरोबर काय काय वाहून नेतोय?

आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर जरा जड आहे. अक्षरशः. प्रत्येक सभासदाचं नाव तीनदा साठवलेलं असतं. मराठीत, कारण सभासद मराठी वाचतो. कन्नडमध्ये, कारण सहकार खात्याला पाठवायचे कागद कन्नडमध्ये जातात. आणि इंग्रजीत, कारण आधार आणि पॅन. पत्त्याचंही तेच. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी आणि कन्नड दोन्हींना तीन-तीन. आणि तेही अख्ख्या अक्षराला नाही. काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायची खूण वेगळी. क्षीरसागर आडनाव घ्या. आपल्या डोळ्यांना पाच अक्षरं, साठवताना नऊ खुणा, २७ बाइट. कन्नडमध्ये पुन्हा २७. इंग्रजीत दहा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमच्या टेबलात मात्र दोन्ही भाषा एकाच ओळीत नांदतात, तिप्पट जागा घेऊन.

तर त्या रजिस्टरच्या क्वेरीत पिग्मीच्या प्रत्येक ओळीला हे सगळं जोडलेलं होतं. तीन नावं, दोन पत्ते, वारसाचं नाव, एजंटचं नाव. ओळ झाली सहाशे बाइटची. गुणिले २४ लाख. त्यातलं प्रत्यक्ष बदलतं काय? खातं क्रमांक, तारीख, रक्कम. एकाच बांगडीवाल्याचा तोच पत्ता तीनशे वेळा टेम्प फाइलमध्ये लिहिला जात होता आणि परत वाचला जात होता. लग्नाच्या पत्रिका गावावार लावायच्या तर आपण पत्रिका लावतो, पाहुण्यांना बोलावून अंगणात उभं करत नाही.

क्वेरी उलटी लिहिली. आधी फक्त सभासद क्रमाने घ्यायचे, ते आठ हजार. मग एकेका खात्यासाठी लॅटरल जोडणीने त्याच्या पिग्मीच्या ओळी आणायच्या. त्यासाठी खातं क्रमांक आणि तारीख असा एकत्र इंडेक्स, म्हणजे शोधसूची, हवा, तो घातला. शेवटची ऑर्डर बाय, म्हणजे क्रम मागणारी ओळ, तशीच ठेवली. ती काढून टाकायचा मोह होतो, कारण निकाल तसाही क्रमाने येताना दिसतो, पण ऑर्डर बाय नसेल तर क्रमाची हमी पोस्टग्रेस देत नाही. आणि ठेवल्याने बिघडतही नाही. आवृत्ती १३ पासून इन्क्रिमेंटल सॉर्ट आहे, म्हणजे सभासदांचा क्रम आधीच लागलाय हे ओळखून तो फक्त एकेका खात्याच्या तीनशे ओळींपुरता सॉर्ट करतो. प्लॅनमध्ये "प्रिसॉर्टेड की" अशी ओळ दिसली की काम झालं समजायचं. २४ लाख ओळींचा डोंगर गेला, त्याच्या जागी छोटे छोटे ढीग आले, सगळे चार एमबीच्या आत. टेम्प फाइल शून्य. आणि मला सर्वांत आवडलं ते हे, की पहिलं पान लगेच येतं. आधी शेवटची ओळ क्रमाला लागेपर्यंत पहिलीही येत नव्हती, म्हणून तर लोक परत परत बटण दाबत होते.

सभासदांच्या क्रमाची मात्र वेगळीच कथा. क्रम कुठल्या भाषेचा? नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर क्षीरसागर जातात "क" मध्ये, कारण क्ष म्हणजे संगणकासाठी क, मग हलन्त, मग ष. सेक्रेटरींना ते शेवटी हवेत. बरोबर आहे त्यांचं, शाळेत मुळाक्षरं तशीच पाठ केलीत. कन्नड प्रतीचा क्रम वेगळा. पोस्टग्रेसमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींची आयसीयू कोलेशन, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावायचे नियम, मिळतात, पण भाषेचे नियम पाळून दोन नावांची तुलना करणं हे दोन आकड्यांच्या तुलनेपेक्षा कितीतरी महाग. म्हणून आम्ही सभासदांच्या टेबलात दोन पूर्णांक ठेवले, मराठी अनुक्रम आणि कन्नड अनुक्रम, दोन्हींवर इंडेक्स. नवीन सभासद झाले की रात्री एकदा दोन्ही अनुक्रम नव्याने भरले जातात. दिवसा कुणीही कुठलाही रिपोर्ट काढला तरी नावांची तुलना होतच नाही. रात्री आठ हजार नावं क्रमाला लावायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी एक खोड सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सापडते. डिस्टिंक्ट, म्हणजे एकसारख्या ओळी एकदाच दाखव. वारसांचं टेबल जोडलं की दोन वारस असलेल्या सभासदाच्या ओळी दुप्पट होतात. कुणीतरी ते बघतं आणि वर डिस्टिंक्ट लावून मोकळं होतं. आता त्या सहाशे बाइटच्या प्रत्येक ओळीची सगळ्या कॉलमांसकट तुलना, तीही दुप्पट ओळींवर. वारस आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर एक्झिस्ट्स पुरतं.

हे सगळं झाल्यावर मग सेटिंगकडे वळायचं. वर्क_मेम सगळ्यांसाठी मी जवळजवळ मुळाएवढंच ठेवते. रिपोर्टसाठी वेगळं लॉगिन, त्यालाच ६४ एमबी. रिपोर्ट एका वेळी दोन-चारच चालतात, म्हणून परवडतं. (प्लॅनमध्ये डिस्कचा आकडा ५० एमबी दिसला म्हणून वर्क_मेम ५० केलं तर पुरत नाही. रॅममध्ये त्याच ओळींना बरीच जास्त जागा लागते.) टेम्प_फाइल_लिमिट हे सेटिंग मुळात उणे एक असतं, म्हणजे मर्यादाच नाही. रिपोर्टच्या लॉगिनला मी ५ जीबी देते, काउंटरच्या लॉगिनला २०० एमबी. काउंटरवरच्या क्वेरीला टेम्प फाइल लागावी असं काही कारणच नाही, आणि लागली तर मला एरर हवीच आहे. ही मर्यादा प्रोसेसमागे असते हे ध्यानात ठेवावं, संस्थेमागे नाही. मर्यादा ओलांडली की क्वेरी रद्द होते, त्या एररच्या जागी आम्ही "तारखा कमी करून पुन्हा काढा" असं मराठीत आणि कन्नडमध्ये दाखवतो. त्यावर एका सेक्रेटरींनी विचारलं, "लिमिट कशाला अक्का, डिस्क आमचीच हाय की." डिस्क त्यांचीच आहे, खरं काउंटरही त्यांचंच आहे.

ही मर्यादा क्रिएट टेम्प टेबल करून बनवलेल्या टेबलांना लागू होत नाही. एका संस्थेत महिनाअखेरच्या व्याजाची स्क्रिप्ट अशी टेबलं करत सुटायची आणि टेम्प फाइलच्या सगळ्या मोजमापांतून निसटायची. तिथे एवढंच केलं, की टेबल भरलं की ॲनलाइज करायचं, म्हणजे त्याची आकडेवारी गोळा करायची, कारण हे एरवी आपोआप करणारं ऑटोव्हॅक्यूम टेम्प टेबलांना हात लावत नाही आणि क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर अंदाजाने चालतो, आणि काम झालं की लगेच ड्रॉप.

जिथे संचालकांनी दुसरी एसएसडी मंजूर केली तिथे टेम्प_टेबलस्पेसेस, म्हणजे टेम्प फायली कुठे ठेवायच्या ते सेटिंग, तिच्यावर वळवलंय. टेम्प फायली कितीही माजल्या तरी पीजी_वॉलच्या ताटातलं खात नाहीत. तो मुलगा म्हणाला रॅम डिस्कवर, म्हणजे रॅममध्येच, टाकू, वेगात जाईल. टेबलस्पेस रॅम डिस्कवर ठेवली तर सगळ्या क्लस्टरचा, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांचा, भरवसा जातो, असं पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातच बजावलंय. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी येते-जाते ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तो जांबोटीकडचा.

लक्ष ठेवायला दोन गोष्टी पुरतात. लॉग_टेम्प_फाइल्स १० एमबीवर लावलं की त्याहून मोठी प्रत्येक टेम्प फाइल क्वेरीसकट लॉगमध्ये येते. ती नोंद फाइल पुसली जाताना होते, त्यामुळे आत्ता चाललेली क्वेरी तिथे दिसणार नाही, त्यासाठी वर सांगितलेलं पीजी_एलएस_टीएमपीडिर. आणि क्वेरीवार हिशेब ठेवणाऱ्या पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये टेम्प ब्लॉक लिहिल्याचा कॉलम, त्याला आठ केबीने गुणायचं आणि उतरत्या क्रमाने बघायचं. प्रत्येक संस्थेत वरच्या पाच क्वेरी सगळं खात असतात. पीजी_स्टॅट_डेटाबेसमधला टेम्प_बाइट्स हा आकडा आकडेवारी शेवटची शून्य केल्यापासूनचा असतो, त्यामुळे तो बघून घाबरायचं नसतं, कालच्या आणि आजच्यातला फरक बघायचा.

निपाणीच्या एका संस्थेत अजून आवृत्ती १२ आहे, ती दिवाळीनंतर १६ वर न्यायची आहे. १२ पर्यंत हॅश ॲग्रिगेट, म्हणजे हॅशने गट पाडून बेरीज करणं, वर्क_मेम ओलांडून रॅम खात राहायचं, १३ पासून ते मर्यादा पाळतं आणि उरलेलं डिस्कवर टाकतं. म्हणजे अपग्रेड केल्या दिवशी आतापर्यंत कधी न दिसलेल्या टेम्प फायली दिसायला लागणार, आणि "नवीन आवृत्ती हळू आहे" असा फोन येणार. तिथल्या गावावार बेरजेच्या रिपोर्टवर माझा संशय आहे, कारण तो पत्त्याच्या मजकुरावर ग्रुप बाय करतो आणि त्यात एकाच शहराची बेळगाव, बेळगांव आणि २०१४ नंतरचं बेळगावी असे तीन वेगळे गट पडतात. गावांना कोड देऊन ते आधी दुरुस्त करायचं, मग अपग्रेड. मॅनेजरसाहेबांना हा क्रम पटलेला नाही. त्यांना आधी अपग्रेड हवंय, म्हणून तिथे लॉग_टेम्प_फाइल्स आत्ताच लावून ठेवलंय.